धूर विरण्याआधीच परतलेली हरणं

२७ जुलै २०१८ रोजी उत्तर कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो आणि लेक या डोंगराळ काउंट्यांत एकाच दिवशी दोन वणवे पेटले. मोठ्या वणव्याचं कारण पुढे चौकशीत निघालं. एका पशुपालकाला जमिनीतलं गांधीलमाश्यांचं पोळं बुजवायचं होतं. त्याने हातोड्याने लोखंडी खुंटी ठोकली, ठिणगी उडाली आणि वाळलेल्या गवताने पेट घेतला. दोन्ही वणव्यांनी मिळून साडेचार लाख एकरांहून जास्त मुलूख जाळला. त्या राज्याच्या नोंदींतला तोवरचा हा सर्वांत मोठा वणवा.

हा टापू काळ्या शेपटीच्या हरणांचा आणि म्हणून शिकाऱ्यांचाही. इथे परवान्यावर नराचीच शिकार करता येते, तीही शिंगाला फाटा फुटलेला असेल तर. ऑगस्टमध्ये बंदुकीचा हंगाम उघडतो. तो तोंडावर असताना डोंगर जळाला आणि साहजिकच प्रश्न पडला: हरणं गेली कुठे?

याचं नेमकं उत्तर मिळालं ते एका योगायोगामुळे. याच टापूतल्या हॉपलँड इथे कॅलिफोर्निया विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी १८ हरणांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधलेले होते आणि रानात स्वयंचलित कॅमेरे लावलेले होते, ते अर्थात दुसऱ्याच अभ्यासासाठी. वणव्याने केंद्राची निम्म्याहून जास्त जमीन खाक केली. जळालेला आणि न जळालेला भाग शेजारी-शेजारी उरला. अशी तुलना ठरवून कुणाला करता आली नसती.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष चकित करणारे आहेत. आगीपुढून पळालेली हरणं ज्वाळा पुढे सरकल्यावर काही तासांतच आपापल्या जागी परतली. झाडांचे बुंधे अजून धुमसत होते. खायला जवळपास काही नव्हतं, आणि थोड्या अंतरावर हिरवं रान असूनही त्यांनी जुनी जागा सोडली नाही. ही हरणं ठरावीक छोट्या मुलखात आयुष्य काढतात. पाणी कुठे, आडोसा कुठे, पहाडी सिंह कोणत्या वाटेने येतो, हे त्यांना तिथलंच ठाऊक असतं. अनोळखी हिरव्या रानापेक्षा ओळखीची राख त्यांना सुरक्षित वाटत असावी, असं मला वाटतं.

पण त्याची किंमत त्यांनी मोजली. वणव्यानंतर त्यांचा वावराचा टापू वाढला. वाचलेली झुडपं, ओकची न जळालेली राई असे तुकडे शोधत त्यांची वणवण वाढली. कॅमेऱ्यांतल्या छायाचित्रांत हरणांची अंगकाठी वणव्यानंतर खालावलेली दिसते. तरी पट्टा असलेलं एकही हरीण आगीत दगावलं नाही.

आपल्याकडच्या वणव्यांशी याची तुलना करताना जपावं लागतं. सह्याद्रीत उन्हाळ्यात गवत जळतं तेव्हा पावसाळा जवळ आलेला असतो. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यातला. जुलैत जळालेल्या डोंगराला गवतासाठी निदान तीन महिने थांबावं लागतं. त्यात ओकची फळंही जळाली, की हिवाळ्याआधी अंगावर चरबी चढणार कशी? यलोस्टोनमध्ये १९८८ च्या वणव्यांत हेच दिसलं. तिथे एल्क या मोठ्या हरणांपैकी प्रत्यक्ष आगीत सुमारे ३४५ मेली, बहुतेक धुराने गुदमरून. कळपांची मोठी हानी झाली ती पुढच्या कडक हिवाळ्यात, उपासमारीने.

पुढच्या वर्ष-दोन वर्षांत मात्र चित्र पालटतं. या डोंगरांवरचं चमीस नावाचं झुडूप वरून जळालं तरी जमिनीतल्या गड्ड्यातून पुन्हा फुटतं. ते कोवळे धुमारे जुन्या, काष्ठमय फांद्यांपेक्षा कितीतरी पौष्टिक असतात. याच लेक काउंटीत टेबर आणि डॅसमन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात नुकत्याच जळालेल्या झुडपी रानात हरणांची घनता जुन्या दाट रानाच्या काही पट भरली होती. काही वर्षांत झुडूप पुन्हा दाटतं, फांद्या हरणांच्या तोंडापलीकडे जातात आणि संख्या ओसरते. अनुभवी शिकारी जळीत रान शोधतात ते यामुळेच. पण पहिल्या हंगामात तिथे हरीण दिसलं म्हणून कळप सावरला असं धरणं चूक आहे. ते सावरल्यामुळे आलेलं नसतं. ते कुठे गेलेलंच नसतं.

हरणाला आग नवी नाही, एवढी मोठी आग नवी आहे. पोमो आणि शेजारचे आदिवासी शतकानुशतकं लहान-लहान तुकडे पाळीपाळीने जाळत. एका तुकड्यात राख, दुसऱ्यात धुमारे, तिसऱ्यात दाट आडोसा, आणि हे सारं हरणाच्या पायाखालच्या टापूत. कॅलिफोर्नियाने १८५० च्या कायद्याने त्यांचं कुरण पेटवणं गुन्हा ठरवलं. पुढे प्रत्येक आग विझवण्याचं धोरण आलं आणि डोंगरांवर जळाऊ माल साठत गेला. २०२० मध्ये याच भागातल्या मेंडोसिनो राष्ट्रीय वनात दहा लाख एकरांहून मोठा वणवा पेटला.

२०२१ मध्ये राज्याने कायदा बदलला. नियमानुसार आग लावणारे प्रशिक्षित लोक आणि परंपरेने जाळणारे आदिवासी यांच्यावर आता घोर निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय आग विझवण्याचा खर्च लादता येत नाही. हरणांसाठी या डोंगरांत इतक्या वर्षांत झालेलं हे सर्वांत शहाणपणाचं काम आहे, आणि ते निदान शंभर वर्षं उशिरा झालं.