प्राथमिक वर्गाचे नियम, दिनक्रम आणि पालक : उधना (सुरत) परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

प्राथमिक शाळांतील शिक्षकांची एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. पालक सभेला येत नाहीत, मुलाला वेळेवर पाठवत नाहीत, गावी जाताना सांगत नाहीत. पालकांचीही बाजू असते. शाळेने काय सांगितले ते कळलेच नाही, कळले तेव्हा उशीर झाला होता, आणि विचारायला गेल्यावर मुलाचे नाव हजेरीपटावरून कमी झाल्याचे समजले. दोन्ही तक्रारी खऱ्या असू शकतात. नियम केला जातो, पण तो कोणासाठी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या वेळी सांगितला याचा विचार होत नाही, हे या तक्रारींचे मूळ आहे. पहिली-दुसरीच्या वर्गाचे नियम व दिनक्रम पालकांपर्यंत कसे पोहोचवावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात उधना परिसराच्या उदाहरणाने केला आहे.

उधन्याची पार्श्वभूमी

सुरत शहराच्या दक्षिणेस असलेला उधना हा यंत्रमागांचा भाग आहे. जळगावहून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा आणि बारडोली या मार्गाने येणारा लोहमार्ग उधना जंक्शनला मुंबई-अहमदाबाद मार्गाला मिळतो. या रेल्वेमार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबे सुरतेत आली आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांत स्थिरावली. १ मे १९६० पर्यंत खानदेश आणि सुरत एकाच मुंबई राज्यात होते. त्यामुळे हे स्थलांतर मुळात परप्रांतात झालेले नव्हते. राज्ये वेगळी झाल्यावर मात्र मुलांच्या शाळेची भाषा हा प्रश्न उभा राहिला.

येथील मुलाच्या कानावर घरी अहिराणी किंवा मराठी, मुस्लिम कुटुंबांत पुष्कळदा उर्दू किंवा दखनी वळणाची हिंदी, आणि रस्त्यावर गुजराती पडते. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू व इंग्रजी माध्यमांच्या शाळा चालवते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी पुरवण्याचा राज्यांनी प्रयत्न करावा, असे संविधानाचे अनुच्छेद ३५०-क सांगते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते समाविष्ट झाले. या समितीच्या शाळा हा त्या तरतुदीचा प्रत्यक्ष नमुना म्हणता येईल. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधील सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती हा विषय अनिवार्य झाला आहे. त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलालाही लहान वयातच दुसऱ्या लिपीची ओळख करून घ्यावी लागते.

घरातील वेळेचे गणितही शाळेपेक्षा वेगळे असते. यंत्रमागावरील पाळी सामान्यतः बारा तासांची असते आणि मजुरी बहुधा विणलेल्या मीटरवर मिळते. पालकसभेसाठी सकाळी दोन तास काढणे म्हणजे तेवढी कमाई सोडणे. अनेक घरांत आई साडीला लेस लावणे, खडे चिकटवणे, धागे कापणे अशी कामे घरीच करते. रात्रपाळीहून आलेला बाप दिवसा त्याच खोलीत झोपलेला असतो. ‘मुलाला रोज शांत जागी अभ्यासाला बसवावे’ ही सूचना अशा घरात लागू पडत नाही.

नियम आणि दिनक्रम यांतील फरक

हे दोन शब्द एका अर्थाने वापरले जातात, पण त्यांचे काम वेगळे आहे. काय करावे आणि काय करू नये हे नियम सांगतो. कशानंतर काय होईल हे दिनक्रम सांगतो. सहा वर्षांच्या मुलाला घड्याळ वाचता येत नाही, पण क्रम कळतो. आल्यावर दप्तर जागेवर ठेवणे, परिपाठ, गोष्ट, वाचन-लेखन, हात धुऊन मधल्या सुट्टीचे जेवण, गणित, खेळ, दप्तर भरणे आणि निघणे. हा क्रम रोज तोच राहिला की मुलाची भीती कमी होते आणि शिक्षकाला दर वेळी आवाज चढवावा लागत नाही. ज्या मुलाच्या घरातील दिवस वडिलांच्या पाळीप्रमाणे सतत बदलतो, त्याच्यासाठी वर्गाचा ठरलेला क्रम हाच दिवसातील स्थिर भाग ठरू शकतो.

हा क्रम पालकांना माहीत असेल तर आई संध्याकाळी ‘आज काय शिकलास?’ या अवघड प्रश्नाऐवजी ‘आज गोष्ट कोणती झाली?’ असे विचारू शकते. या प्रश्नाला लहान मूल उत्तर देऊ शकते.

प्रमुख नियम आणि त्यांची कारणे

१. येण्या-जाण्याची वेळ : एकाच इमारतीत सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत शाळा भरते तेथे उशीर झालेल्या मुलाचा पहिला तास बुडतो आणि तो भरून काढायला नंतर वेळ उरत नाही. नियम सांगताना हे कारण सांगावे. मूल शाळेतून कोणी न्यायचे हेही प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्यावे. आई, मोठी बहीण, शेजारीण अशी दोन-तीन नावे असावीत. आईला लिहिता येत नसेल तर शिक्षकाने लिहून तिला वाचून दाखवावे.

२. हजेरी आणि गावी जाणे : येथील मुलांच्या गैरहजेरीचे मोठे कारण गाव हे असते. दिवाळी, लग्नसराई, श्रावणातील कानबाईचा उत्सव आणि आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया या निमित्तांनी कुटुंबे खानदेशात जातात. अक्षय्य तृतीया एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत केव्हाही येते. ती लवकर आली तर वार्षिक परीक्षेच्या दिवसांशी टक्कर होते. ईदची तारीख चंद्रदर्शनावर ठरत असल्याने रजेचा अर्ज आधी देणे कठीण जाते. वर्षारंभी शिक्षकाने पालकांबरोबर या सणांची यादी करून परीक्षेच्या तारखा शेजारी मांडल्या, तर अर्धा प्रश्न सुटतो.

उरलेल्या अर्ध्या प्रश्नासाठी कायदा माहीत हवा. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यातील कलम ५ प्रमाणे, दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला ताबडतोब द्यावा लागतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारण्यास कलम १४ मनाई करते. वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलालाही कलम १५ मुळे दार बंद करता येत नाही. कामासाठी सुरत आणि नंदुरबार-धुळे यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या कुटुंबांना ही तीन कलमे ठाऊक नसतील, तर दोन शाळांच्या मध्ये मुलाचे वर्ष जाते आणि पुष्कळदा ते मूल शाळेत परतच नाही.

३. गृहपाठ : केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये आणि तिसरी ते पाचवीपर्यंत आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा गृहपाठ द्यावा, असे सांगितले आहे. पहिली-दुसरीच्या दप्तराचे वजनही १.६ ते २.२ किलोंच्या मर्यादेत ठेवले आहे. तरीही अनेक पालकांना गृहपाठ म्हणजेच अभ्यास वाटतो, आणि तो न मिळाल्यास शाळा शिकवत नाही असे ते समजतात. गृहपाठ का नाही हे त्यांना सांगितले पाहिजे. त्याऐवजी घरी जमण्याजोगे काम सुचवावे. आजीकडून अहिराणी किंवा उर्दू गोष्ट ऐकणे, साडीवरचे खडे दहा-दहाच्या ढिगात मोजणे, दुकानाच्या पाटीवरील ओळखीचे अक्षर शोधणे. या कामांना स्वतंत्र खोली किंवा शिकलेले पालक लागत नाहीत.

४. शिस्त : कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी आहे. येथे अडचण उलट दिशेनेही येते. ‘मारा, पण शिकवा’ असे पालक विश्वासाने म्हणतात. शिक्षकाने त्यांना कायदा तर सांगावाच, शिवाय वर्गात शिस्त कशी राखली जाते तेही दाखवावे. मारलेले मूल शाळा टाळू लागते आणि टाळण्याची सवय हजेरीपटावर दिसते, ही गोष्ट पालकांना लवकर पटते.

सूचनेची भाषा आणि रीत

‘पाल्याच्या अनुपस्थितीबाबत लेखी अर्ज सादर करणे अनिवार्य आहे’ हे वाक्य शुद्ध आहे, पण त्यातून आईला काय करायचे ते कळत नाही. तोच मजकूर असा लिहिता येतो : ‘मूल आजारी असेल तर त्याच दिवशी शेजारच्या मुलाबरोबर निरोप पाठवा. गावी जात असाल तर जाण्याचा आणि येण्याचा दिवस सांगा. नाव कमी होणार नाही.’ यातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. नाव कमी होईल या भीतीनेच पुष्कळ पालक परतल्यावर शाळेत यायला कचरतात. अर्थात, दिलेले वचन शाळेने पाळले पाहिजे.

सूचना छोटी असावी, एका चिठ्ठीत एकच गोष्ट असावी आणि ती वर्गाच्या माध्यमाबरोबर घराच्या बोलीतही तोंडी सांगितली जावी. मोबाइलवर लिखित निरोपापेक्षा अर्ध्या मिनिटाचा बोलका निरोप अधिक उपयोगी पडतो. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. तेव्हा घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर कारखान्यात, ही अडचण सर्वांच्या लक्षात आली. म्हणून घरातील फोन कोणाकडे आणि केव्हा असतो, हे शिक्षकाने विचारून ठेवावे.

पालकसभा आणि व्यवस्थापन समिती

कायद्याचे कलम २४ शिक्षकावर नियमित पालकसभा घेण्याचे कर्तव्य सोपवते. हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती यांची माहिती पालकांना तेथे द्यायची असते. सभेची वेळ मात्र कायद्याने ठरवलेली नाही. एकच सभा घेण्याऐवजी दिवसपाळी व रात्रपाळी यांना सोयीच्या दोन छोट्या बैठका घेता येतात. कलम २१ प्रमाणे शालेय व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तक्रार असल्यास कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी मागता येते आणि तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांबाबत स्थिती वेगळी आहे. ६ मे २०१४ च्या प्रमती खटल्यातील निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्यांना या कायद्यातून वगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने या भूमिकेविषयी शंका नोंदवून प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे सुचवले. निर्णय काहीही होवो, पालकांना दाराशी उभे न ठेवता सोबत बसवण्यासाठी अशा शाळांना कायद्याच्या सक्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.

हा विचार नवा नाही. भावनगर येथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका यांनी शिक्षकांइतकेच पालकांसाठीही लिहिले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत आणली आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे शाळाच मुलांच्या वस्तीत नेली. गुजराती आणि मराठी बालशिक्षणाचा हा सांधा उधन्यातील शिक्षकांचा वारसा आहे. अमेरिकेतील अभ्यासक जॉइस एप्स्टीन यांनी पालकांच्या सहभागाचे सहा प्रकार सांगितले : घरातील संगोपन, संवाद, स्वयंसेवा, घरचा अभ्यास, निर्णयात वाटा आणि समाजाशी सहकार्य. सभेला न आलेला पालक मुलाला रोज वेळेवर पोहोचवत असेल तर तोही सहभागीच आहे, हे या वर्गीकरणातून लक्षात येते.

सामुदायिक महाविद्यालयांचे कार्य

सामुदायिक महाविद्यालयातील अध्यापकांचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. त्यांचे काही विद्यार्थी उद्या बालवाडी किंवा प्राथमिक शाळेत साहाय्यक होतील. काही विद्यार्थी आजच लहान मुलांचे आई-वडील किंवा मोठी भावंडे आहेत. म्हणून पुढील कामे अभ्यासक्रमात सहज बसतात :

• शाळेची एखादी खरी सूचना घेऊन ती सोप्या मराठी, उर्दू व गुजरातीत पुन्हा लिहिणे.
• रजेचा अर्ज, दाखल्याची मागणी व तक्रार अर्ज लिहिण्याचा सराव.
• पाळीत काम करणाऱ्या दहा कुटुंबांशी बोलून सभेची सोयीची वेळ शोधणे.
• व्यवस्थापन समितीच्या महिला सदस्यांना इतिवृत्त वाचण्यास व सही करण्यापूर्वी प्रश्न विचारण्यास तयार करणे.

समारोप

नियम पालकांना बांधतो तसा तो शाळेलाही बांधतो. पालकाने निरोप द्यावा ही अपेक्षा असेल, तर निरोप देणाऱ्याचे नाव कमी होणार नाही ही हमी शाळेची आहे. पालकाने सभेला यावे असे वाटत असेल, तर त्याची मजुरी बुडणार नाही अशी वेळ शोधणे शाळेचे काम आहे. उधन्यासारख्या वस्तीत मूल शाळेतून एकदम गळत नाही. एक न समजलेली सूचना, एक लांबलेली रजा, एक न मिळालेला दाखला अशा पायऱ्यांनी ते बाहेर पडते. यातील प्रत्येक पायरीवर शिक्षकाला त्याला थांबवता येते, आणि त्यासाठी फार खर्च लागत नाही.