अब्बांची पद्मिनी

अब्बांच्या इंतकालला तीन वर्षे झाली. त्यानंतर दोन महिन्यांनी आम्ही भावंडे हिशोबाला बसलो. गावचे घर, वाडीतला जमिनीचा तुकडा आणि बँकेतली शिल्लक अशी यादी भाईजानने कागदावर लिहिली होती. शेवटची ओळ होती, 'पद्मिनी गाडी, 1985 मॉडेल'. सगळ्यात जास्त वेळ गेला तो या एका ओळीवर.

अब्बांनी ही गाडी मुंबईत नोकरीला असताना जुनी विकत घेतली होती. दर मे महिन्यात आम्ही तिच्यातून कोकणात यायचो. कशेडी घाटात रेडिएटर तापले की अब्बा गाडी कडेला घ्यायचे आणि बॉनेट उघडून ठेवायचे. पेट्रोल पंपावर ओले फडके टाकायचे काम माझे आणि बाटलीतले पाणी आणून द्यायचे काम आपाचे. निवृत्तीनंतर अब्बांनी गाडी गावी आणली. शेवटपर्यंत जुम्याच्या नमाजला ते तिच्यातूनच जायचे.

भाईजान म्हणाला, "भंगारवाला वीस हजार देतोय, देऊन टाकू." मी म्हणालो, "त्याच भावात मी ठेवतो." आपा खाली मान घालून बसली होती. ती म्हणाली, "मला काही नको, तू ठेव." मी मनातून खूश झालो. प्रश्न सुटला असे वाटले. तो सुटला नव्हता, हे पुढे कळले.

कुर्ल्यात बनलेली गाडी

आपल्यातल्या चाळिशीपुढच्या वाचकांना पद्मिनीची ओळख करून द्यायला नको. मुलांसाठी थोडे सांगतो. शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून तिथे गाड्या बनू लागल्या. 1960 च्या दशकात फियाट 1100 डिलाइट आली आणि पुढच्या दशकात तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. 1089 सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, स्टेअरिंगला लागून असलेला गियरचा दांडा आणि जाड पत्रा ही तिची ओळख. लोक मात्र तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले.

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. आता पद्मिनी उरली आहे ती घराघरांत, माझ्यासारख्या शौकिनांकडे.

भंगारचा भाव की बाजारभाव?

गाडी नावावर करण्याआधी मी ती मिस्त्रीकडे नेली. अब्बांचे आणि त्यांचे तीस वर्षांचे नाते. त्यांनी खाली वाकून पत्रा ठोकून पाहिला, इंजिन चालू करून ऐकले आणि विचारले, "मास्तर, कितीला घेतली?" मी वीस हजार म्हटल्यावर ते हसले. "ही चालती गाडी आहे. कागद साफ, पत्रा साबूत. शौकीन माणूस दीड लाखाच्या वर देईल."

मला आनंद व्हायला हवा होता, पण त्या रात्री झोप लागली नाही. वीस हजार हा लोखंडाचा भाव होता आणि मी लोखंड ठेवून घेत नव्हतो, गाडी ठेवून घेत होतो.

दोन जाणकारांना आणखी विचारले. सरासरी 1,60,000 रुपये निघाली. मग हिशोब मांडला. दादा-दादी आधीच अल्लाहला प्यारे झालेले. अम्मीचा आठवा हिस्सा 20,000. उरलेल्या 1,40,000 मध्ये आम्हा दोघा भावांचे दोन-दोन भाग आणि आपाचा एक, म्हणजे आम्हाला प्रत्येकी 56,000 आणि आपाला 28,000. भंगारच्या भावाने आपाच्या वाट्याला 3,500 रुपये येत होते. म्हणजे माझा शौक मी माझ्या बहिणीच्या साडेचोवीस हजारांवर करणार होतो.

मशिदीतल्या मौलानांना विचारले, "आपा तर नको म्हणाली आहे, मग?" ते म्हणाले, "तिला किंमत माहीत होती का?" मी गप्प झालो. ते म्हणाले की वारसाचा हक बाप गेला त्या क्षणी ठरतो. तो सोडायचा असेल तर सोडणाऱ्याला आपण काय सोडतोय हे माहीत हवे आणि कुणाचे दडपणही नको.

मी आपाच्या घरी गेलो आणि कागद तिच्यापुढे ठेवला. बराच वेळ ती पाहत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी नको म्हटले, कारण तुम्ही दोघे समोर बसला होतात. भावांसमोर हिस्सा मागणारी बहीण कशी दिसते, तुला ठाऊक आहे." तिने पैसे घेतले. माझ्याकडे एकरकमी नव्हते, म्हणून दर महिन्याला 2,800 असे दहा महिने दिले. ते भाचीच्या नर्सिंगच्या फीला कामी आले. अम्मीचा हिस्सा तिच्या हातात दिला. भाईजानने पूर्ण रक्कम ऐकून घेतली आणि आपला हिस्सा मला भेट दिला. भेट अशी असते. आपाचे आधीचे 'नको' भेट नव्हती.

किती घरांत अशा वस्तू असतील! अब्बांची बुलेट, दादांची जीप, कुणाचे जुने चेतक. 'आठवण आहे' असे म्हणत एक मुलगा ती ठेवून घेतो आणि बहिणींना कुणी विचारतही नाही. जुन्या वाहनाचा शौक करणाऱ्याने पहिली दुरुस्ती इथे करावी, असे मी अनुभवाने सांगतो.

शौक म्हणजे देखभाल

आता गाडीकडे वळू. लोकांना वाटते की जुनी गाडी ठेवणे म्हणजे तिला झाकून ठेवणे. खरे तर उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. पंधरा दिवसांतून एकदा तरी ती अर्धा तास रस्त्यावर फिरवावी. दोन मिनिटे जागेवर इंजिन चालवून बंद केले तर उलट नुकसान होते. इंजिन नीट तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो. गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीची एक वायर काढून ठेवावी.

कोकणात खरा शत्रू गंज. खाऱ्या हवेत तो वरून दिसत नाही, पायाखालच्या मॅटच्या खाली, दाराच्या तळाशी आणि बॅटरीच्या खाली सुरू होतो. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मॅट उचलून पाहावेत. दाराच्या तळाला पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती मातीने बुजतात. एक काडी घालून ती मोकळी केली तरी दार काही वर्षे जास्त टिकते.

इंजिनाचे काम समजायला सोपे आहे. प्लग काढून साफ करणे, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट मोजून लावणे, ठरल्या वेळी ऑइल बदलणे आणि ग्रीस भरणे हे घरी शिकता येते. ब्रेक मात्र मिस्त्रीनेच पाहावेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे गाडी कमी चालली तरी ते दर दोन वर्षांनी बदलावे. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारे होते. टायरच्या बाजूला चार अंकी आकडा असतो. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला.

एक नवी गोष्टही लक्षात ठेवावी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधले रबर त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात आणि पेट्रोल गळू लागते. गरम इंजिनावर पेट्रोल गळणे म्हणजे आगीला निमंत्रण. मी सगळे पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचे बदलून घेतले. खर्च थोडा आणि जीवाची काळजी मोठी.

रविवारी सकाळी माझा मुलगा आणि मुलगी दोघेही माझ्याबरोबर असतात. मुलीने पॉइंटची फट लावायला माझ्याआधी शिकून घेतली. वर्गात मी पुस्तक शिकवतो. इथे मुले पाहतात की बिघडलेली वस्तू फेकायची नसते, आधी ती का बिघडली हे शोधायचे असते. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या रिवायतीत आहे की नबी करीम (सल्ल.) घरी आपली चप्पल स्वतः सांधायचे आणि कपड्याला टाके घालायचे. हाताला काळे ऑइल लागले म्हणून लाज वाटणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगायला हवे.

इस्राफ कुठे सुरू होतो?

बायकोने पहिल्याच महिन्यात विचारले, "हा शौक आहे की इस्राफ?" प्रश्न रास्त होता. आम्ही दोघांनी बसून हद्द ठरवली. विमा धरून महिन्याला सरासरी 1,500 रुपये, त्यापुढे नाही. गाडीसाठी कर्ज नाही. मुलांची फी आणि अम्मीची औषधे आधी. मोठे काम निघाले तर पैसे साठेपर्यंत गाडी थांबेल. एकदा ती पाच महिने थांबली. गाडीने तक्रार केली नाही, मीच रोज जाऊन पाहत होतो.

वापरातल्या गाडीवर जकात नाही. पण विकून नफा करावा या नीयतने कुणी जुन्या गाड्या घेत असेल तर तो व्यापाराचा माल होतो आणि त्यावर जकात येते. विकताना ऐब लपवू नये. गंजलेल्या पत्र्यावर पुटी भरून वर चकचकीत रंग मारणे सोपे असते. ऐब लपवून माल विकण्याबद्दल नबी करीम (सल्ल.) यांनी किती कडक शब्द वापरले, ते आपण जाणतो. जुना पार्ट घेतानाही पावती मागावी. भाव फारच कमी असेल तर तो पार्ट कुणाच्या गाडीतून आला, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

कागदपत्रांची बाजू

खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढते. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडी केवळ वय झाले म्हणून भंगारात जात नाही, तपासणीत पास व्हावी लागते. पीयूसी आणि विमा चालू हवा. मालकाचा मृत्यू झाला असेल तर वारसाने फॉर्म 31 भरून गाडी नावावर करून घ्यावी. मयताच्या नावावरची गाडी चालवत राहिलात आणि अपघात झाला, तर विम्याच्या वेळी घर अडचणीत येते.

'व्हिंटेज' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेले आणि मूळ रूपात राखलेले वाहनच व्हिंटेज. त्याची नवी नोंदणी 20,000 रुपये भरून दहा वर्षांसाठी होते, नूतनीकरणाला 5,000 लागतात आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पण अशी गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. आमची पद्मिनी 2035 साली त्या वयाची होईल. मला घाई नाही. अम्मीला दवाखान्यात न्यायला ती हवी आहे.

आणि ज्यांना गाडी ठेवणे जमत नाही, त्यांनी ती अंगणात कुजू देऊ नये. शौकिनाला द्यावी किंवा नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्यावे आणि आरसी रद्द करून घ्यावी. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला नुसती दिली तर कागदावर मालक आपणच राहतो.

मागच्या ईदला आपा आली होती. नमाजनंतर मी किल्ली तिच्या हातात दिली. तिला गाडी चालवता येत नाही, ती मागच्या सीटवर तिच्या जुन्या जागी बसली, डाव्या खिडकीशी. आम्ही सगळे कब्रस्तानात फातिहा पढायला गेलो. परत येताना चढावर रेडिएटर तापले. मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले. मागे वळून पाहतो तर आपा पाण्याची बाटली घेऊन उभी होती.

अल्लाह आपल्या सगळ्यांना अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.