आरोग्यसेवा : मेहेरबानी की हक्क?

२०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यातील एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने दाखल करून घेण्यापूर्वी मोठी अनामत रक्कम मागितली, उपचारांना विलंब झाला आणि त्यात एका गर्भवती स्त्रीचा मृत्यू झाला, असा आरोप झाला. शहर संतापले, निदर्शने झाली, चौकशी समित्या बसल्या. तातडीच्या रुग्णांकडून यापुढे अनामत घेतली जाणार नाही, असे रुग्णालयानेही जाहीर केले. दोष कोणाचा हे ठरविणे चौकशीचे काम. परंतु या गदारोळात मूळ प्रश्न मागे पडला. उपचार मागण्याचा कायदेशीर हक्क नागरिकाला आहे काय, आणि असल्यास तो कोणाविरुद्ध बजावावयाचा?

या प्रश्नाची मुळे पुण्याच्याच इतिहासात सापडतात. १८९७ च्या प्लेगमध्ये सरकारने साथरोग प्रतिबंधक कायदा केला. घरात शिरून झडती घेण्याचे, रुग्णाला उचलून नेण्याचे, सामानसुमान जाळण्याचे अधिकार प्लेग अधिकाऱ्यांनी वापरले. त्या जुलमाच्या असंतोषातून रँडचा वध झाला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. एका बाजूला सत्ता होती, दुसऱ्या बाजूला करुणा. रुग्णाचा हक्क मात्र दोन्हींकडे नव्हता. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा शासनाने तोच १८९७ चा कायदा बाहेर काढला. रुग्णावर शासनाचे काय चालते हे सव्वाशे वर्षांपूर्वीच लिहिले गेले. शासनाकडे रुग्णाचे काय येणे आहे, ते लिहावयाचे मात्र अद्याप राहून गेले आहे.

१९४६ मध्ये भोर समितीने, पैसे नाहीत म्हणून कोणीही वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये, हे तत्त्व मांडले होते. तथापि राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्याची सुधारणा अनुच्छेद ४७ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत गेली. ही तत्त्वे न्यायालयात दाद मागून बजावता येत नाहीत. ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने अंशतः भरून काढली. अपघातग्रस्तावर तातडीचे उपचार करणे प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य आहे, असे १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात न्यायालयाने सांगितले. १९९२ मध्ये आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या बंगालमधील एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले. त्या प्रकरणाचा निकाल १९९६ मध्ये लागला. हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग असून पैशाची टंचाई ही शासनाला सबब होऊ शकत नाही, असे न्यायालयाने बजावले. मात्र न्यायालयाचा निकाल बहुधा दुर्घटना घडून गेल्यानंतर येतो. दुर्घटना घडूच नये यासाठी कायदा, यंत्रणा आणि अंदाजपत्रक लागते.

पुण्याला दानाची परंपरा मोठी आहे. ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये उभे राहिले. परंतु आजच्या धर्मादाय रुग्णालयाचा धर्मादायपणा हा निव्वळ उपकार नव्हे. करांतील सूट आणि अन्य सवलती यांच्या रूपाने समाजाने त्याचे मोल आधीच चुकते केलेले असते. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य, तर आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या सवलतीत ठेवावयाच्या असतात, आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. हा करार आहे. तरीही दाखल्याच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या नातेवाइकाला तो ठाऊक नसतो, आणि जे ठाऊक नाही ते मागता येत नाही. परिणामी कराराचे रूपांतर पुन्हा मेहेरबानीत होते.

हे सारे बाजारावर सोपवावे, असे म्हणणाऱ्यांनी १९६३ मधील केनेथ ॲरो यांचा वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावरील निबंध लक्षात घ्यावा. आजार केव्हा येईल हे ग्राहकाला ठाऊक नसते. कोणता उपचार हवा हे विक्रेताच ठरवितो, आणि छातीत कळ आलेला मनुष्य चार ठिकाणी भाव विचारत फिरू शकत नाही. ज्या बाजारात ग्राहकाला नकार देता येत नाही, तेथे किंमत हा न्याय्य निवाडा ठरत नाही. मे २०२० मध्ये राज्य शासनाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. दर बांधता येतात हे संकटाने सिद्ध केले. संकट ओसरताच तो धडाही ओसरला.

हक्काविरुद्ध मुख्य आक्षेप पैशाचा आहे. २०१५ च्या आरोग्य धोरणाच्या मसुद्यात आरोग्यहक्काच्या कायद्याचा विचार होता; २०१७ च्या अंतिम धोरणात, आधी खर्च व सुविधा वाढवू, या भूमिकेने तो मागे ठेवण्यात आला. त्याच धोरणाने २०२५ पर्यंत शासकीय आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के करण्याचे ठरविले. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के वाटा कुटुंबांनी आपल्या खिशातून भरला. २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांच्या तुलनेत ही सुधारणा निःसंशय आहे. पण पैसा आला की हक्क देऊ, या वचनाला मुदत नसते. शिक्षणही एकेकाळी मार्गदर्शक तत्त्वांतच होते आणि तेथेही पैशाचीच अडचण सांगितली जाई. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ते मूलभूत हक्कांत आले, २००९ मध्ये कायदा झाला. त्याने प्रत्येक शाळा आदर्श झाली नाही. मात्र प्रवेश नाकारलेल्या मुलाच्या पालकाला बोट ठेवण्यासाठी कायद्याचे एक कलम मिळाले.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. २०२३ मध्ये राजस्थानने आरोग्यहक्काचा कायदा केला तेव्हा, मोफत तातडीच्या सेवेचा भार आमच्यावर पडेल आणि पैसे वेळेवर मिळणार नाहीत, या भयाने खासगी डॉक्टर संपावर गेले. हक्काचे कर्तव्य शासनावर येते. त्याचा खर्च खासगी दवाखान्यावर ढकलून शासनाला मोकळे होता येणार नाही.

विमा योजनांनी हा प्रश्न सुटला असे मानणेही घाईचे होईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने अनेकांच्या शस्त्रक्रिया झाल्या, हे मान्यच आहे. परंतु ती ठरावीक उपचारांची यादी आहे; मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या किंवा तापाची तपासणी तीत बसत नाही. शिवाय योजना शासननिर्णयाने येते आणि शासननिर्णयानेच बदलते.

म्हणून हक्काकडे पायरीपायरीने जावे. अनामत न मागता तातडीचे उपचार आणि त्यांची शासनाकडून ठरावीक मुदतीत भरपाई ही पहिली पायरी. प्राथमिक आरोग्यसेवा व आवश्यक औषधे विनामूल्य मिळणे ही दुसरी. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागी लावणे शुश्रूषागृहांना २०२१ च्या सुधारित नियमांनी बंधनकारक केलेच आहे; त्या सनदेमागे त्वरित दाद देणारा अधिकारी उभा करणे ही तिसरी. यांपैकी एकही गोष्ट राज्याच्या आवाक्याबाहेरची नाही. शाळेत मुलाचे नाव घालताना कोणी हात जोडत नाही. रुग्णालयाच्या दारातही नागरिकाला तसेच उभे राहता आले पाहिजे.