बुधवार, शुक्रवार, रविवार

पहाटे ५ वाजता उठते. शेजारच्या कारखान्यातले माग रात्रभर चालूच असतात, त्या खडखडाटानं इचलकरंजीत कुणाची झोप मोडत नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला. आज माझ्या घरगुती खानावळीत जेवणारे जवळपास सगळे मागावरचेच. कुणी सोलापूरकडचा, कुणी कर्नाटकातला, कुणी पार ओडिशाचा. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे वार. आज रविवार, बावीस ताटं.

६ वाजता डबा घेऊन दुकानात. सकाळी जे टांगलेलं दिसतं ते नऊनंतर दिसत नाही, नुसते तुकडे उरतात आणि तुकड्यावरून जनावर ओळखणं अवघड. मी आधी शेपूट बघते. आमच्याकडं धनगर मेंढ्यांनाही ‘बकरी’च म्हणतात, त्यामुळं नुसतं ‘बकऱ्याचं द्या’ म्हणून भागत नाही. शेपटीवरून शेळी की मेंढी ते कळतं. मेंढीची चरबी रश्श्याला चव देते खरी, पण ताट जरा गार झालं की टाळूला चिकटते. मला बोकड लागतो, तोही लहान.

मग बरगड्या. बारीक असल्या तर जनावर कोवळं. चरबी पांढरी हवी; पिवळट दिसली की वय झालेलं. मांस गुलाबी-लाल असावं, काळपट नको, आणि बोट दाबलं तर खड्डा भरून यावा. एकदा घाईत, एका दुसऱ्या दुकानातून, पिवळ्या चरबीचं घेतलं. दोन तास शिजवलं तरी फोडी दातात अडकत होत्या. त्या दिवशी माणसं ताटात मटण ठेवून उठली. ते मला अजून लागतं.

“वैनी, सगळ्या अंगाचं मिक्स देऊ न्हवं?” दुकानदार मामा विचारतात.

“न्हाई मामा. दीड किलो मान, सीना आणि नळी. दीड किलो मागची मांडी. आणि चार चाप येगळ्या बांधा.”

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. ज्या अंगाला जास्त काम, ते चिवट. पण त्याच्याच शिरा आणि कूर्चा मंद आचेवर विरघळतात आणि रश्श्याला अंग येतं. पाठीला काम कमी, म्हणून चाप मऊ. परदेशात स्टेकसाठीही बहुतेकदा पाठीचा भाग निवडतात, कारण तो तव्यावर काही मिनिटांत होतो. नळीचा कुणी स्टेक करत नाही आणि चापाचा रस्सा करणं म्हणजे चाप वाया घालवणं. काट्यावर मात्र हाड, चरबी, मांडी सगळ्याला एकच भाव. मटणाच्या वाढलेल्या भावाविरुद्ध २०१९च्या अखेरीस कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले होते. भावासाठी भांडणाऱ्यानं तुकड्यासाठीही बोललं पाहिजे.

७ वाजता मान, सीना आणि नळी पातेल्यात, सोबत कांदा, आलं-लसूण, मीठ. हळद नाही, हळद पडली की पांढरा रस्सा पिवळा होतो. पाणी कमी पडलं तर आधणाचंच घालायचं.

९ वाजता अळणी, म्हणजे बिनतिखटाचं मटणाचं पाणी, तयार. वर चरबीचे बारीक, गोल थेंब तरंगतात. चमचाभर बशीत घेऊन बोटांनी चोळलं की बोटं चिकटतात. तेव्हा मी समजते, निवड बरोबर झाली. पहिली वाटी घरातल्या पोरांना. मग पांढऱ्या रश्श्यासाठी निम्म्या अळणीत नारळाचं दूध, खसखस, तीळ. आच बारीक ठेवायची, नाहीतर दूध फाटतं. निम्मी कांदा-लसूण चटणीच्या फोडणीत, तांबड्या रश्श्याला. मांडीचं सुक्कं.

१२ ते ३ वाढणं. रात्रपाळीवाले झोपून उठून येतात, पांढरा तीनतीनदा मागतात.

४ वाजता भांडी. मग तव्यावर थोडं तेल आणि त्या चार चापा: मीठ, मिरी, दोन्ही बाजूंनी खरपूस. त्या माझ्या आणि सासूबाईंच्या. त्यांचे दात गेलेत, तरी चाप खातात.

तुम्हीही रविवारी मटण आणायला जाल तेव्हा सातच्या आत जा, टांगलेलं बघा. ‘मिक्स द्या’ म्हणू नका. घरी काय शिजवणार आहात ते आधी सांगा.