पारिभाषिक मजकूर कोणत्या फाइलीत पाठवावा?

विज्ञानाच्या वर्गासाठी केलेली परिभाषेची सूची बेळगावहून इंदूरला क्षणात पोहोचते. पण तिथे ती वाचता येईलच असे नाही. कधी अक्षरांच्या जागी रोमन चिन्हे दिसतात, कधी सूची दिसते पण तीत शब्द शोधता येत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला तर तीतून काहीच ऐकवता येत नाही.

पहिला प्रश्न फॉन्टचा. युनिकोडपूर्व फॉन्टांमध्ये देवनागरी हे केवळ वरचे रूप असते. आत बहुधा रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर निरर्थक होतो. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य विभागात १२८ स्थाने असून प्रत्येक चिन्हाचा संकेत ठरलेला आहे. म्हणून लेखन युनिकोडमध्येच असावे.

दुसरा प्रश्न पीडीएफचा. पीडीएफ पानाचे रूप जपते, मजकूर जपेलच असे नाही. 'किरण' लिहिताना युनिकोडमध्ये आधी 'क' आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते. पानावर मात्र वेलांटी आधी उमटते. सदोष पीडीएफमधून मजकूर उचलला, की हा उमटलेला क्रमच हाती येतो आणि शब्द मोडतो. जोडाक्षरांचेही असेच हाल होतात. नुसते स्कॅन केलेले पान तर छायाचित्रच. त्यात अक्षर असे काही नसतेच.

मग निवड कशी करावी? ज्यावर अनेकांना काम करायचे आहे, तो मजकूर ओडीटी किंवा डॉक्स फाइलीत द्यावा. शब्दसूची साध्या सीएसव्ही फाइलीत, यूटीएफ-८ संकेतनात ठेवावी. दीर्घ वाचनासाठी ईपब बरे. अक्षर मोठे केले तरी ओळी पडद्यात मावतात. छपाईसाठी पीडीएफ जरूर करावी, पण सोबत मूळ फाइलही द्यावी. शीर्षके नुसती ठळक न करता शीर्षक-शैलीत घ्यावीत, म्हणजे स्क्रीन रीडरला प्रकरणे ओळखता येतात. आकृतीचे वर्णन शब्दांत जोडावे.

पाठवण्यापूर्वी एक चाचणी पुरे. जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांट्या असलेली एक ओळ उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवावी आणि त्यातील एक शब्द मूळ फाइलीत शोधून पाहावा. ओळ शाबूत राहिली आणि शब्द सापडला, तर मजकूर बहुतांशी सुरक्षित आहे. शक्य असल्यास एनव्हीडीए या विनामूल्य स्क्रीन रीडरवर एक पान ऐकावे.

पारिभाषिक शब्द घडवायला वर्षे लागतात. तो वापरला गेला तरच रुळतो. जो शोधता, ऐकता किंवा उचलता येत नाही, तो वापरणार तरी कोण?