लुसियो : एका चुकीपलीकडचा बचावपटू

आघाडीच्या खेळाडूने दहा संधी दवडून एक साधली, तरी तो नायक ठरतो. बचावपटूची मात्र एकच चूक लोकांच्या लक्षात राहते. ब्राझीलच्या लुसियोची कारकीर्द या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

२००२ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध चेंडू त्याच्याकडून निसटला आणि मायकेल ओवेनने गोल केला. ब्राझीलने तो सामना २-१ असा जिंकला नसता, तर लुसियोच्या माथी कायमचा ठपका बसला असता. अवघ्या नऊ दिवसांनी, योकोहामातील अंतिम सामन्यात त्याच बचावफळीने जर्मनीला एकही गोल करू दिला नाही.

२००६ च्या विश्वचषकात तो सलग ३८६ मिनिटे एकही फाऊल न करता खेळला. वेळेआधी योग्य जागी पोहोचणाऱ्या बचावपटूला प्रतिस्पर्ध्याला पाडावे लागत नाही, हेच त्याचे मर्म. २००९ मध्ये कॉन्फेडरेशन्स चषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझील अमेरिकेविरुद्ध ०-२ असा पिछाडीवर होता; विजयी गोल कर्णधार लुसियोच्याच हेडरने झाला. त्याच वर्षी बायर्न म्युनिक सोडून तो इंटर मिलानला गेला आणि २०१० मध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात इंटरने बायर्नलाच नमविले.

२०१५ मध्ये तो झिको यांच्या मार्गदर्शनाखालील एफसी गोवा संघात दाखल झाला. फातोर्डा मैदानावरील इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात २-१ अशी आघाडी घेतलेल्या गोव्याने अखेरच्या क्षणांत चेन्नईयिनकडून दोन गोल पत्करले. बचावाची परीक्षा शेवटच्या शिटीपर्यंत संपत नाही, हे गोव्याच्या प्रेक्षकांनी त्या रात्री अनुभवले.