अर्ली बर्ड : आकाशातील पहिली पेढी

व्यापाराला वार्ता वेळेवर मिळणे हे भांडवलाइतकेच महत्त्वाचे असते. १९५६ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली दूरध्वनी केबल टाकण्यात आली, तेव्हा तिच्यातून एका वेळी अवघी ३६ संभाषणे होऊ शकत. मागणी वाढत होती. मार्ग मात्र अरुंद होता.

त्यावरील उपाय आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्येच सुचविला होता. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रह पृथ्वीच्याच गतीने तिच्याभोवती फिरतो, म्हणून जमिनीवरून तो एका जागी स्थिर भासतो. परंतु एवढ्या उंचीवर जाऊन परत येण्यास आवाजाला पाव सेकंद लागतो, आणि समोरच्याचे उत्तर अर्ध्या सेकंदाच्या विरामानंतर ऐकू येते. पैसे मोजणारा ग्राहक हा विराम सहन करील काय, हा खरा प्रश्न होता. म्हणूनच अनेक तज्ज्ञांचा कल कमी उंचीवरील उपग्रहांकडे होता.

उपग्रह-दळणवळणासाठी अमेरिकेत १९६२ च्या कायद्यान्वये कॉमसॅट कंपनी निर्माण झाली. १९६४ मध्ये तिने २० डॉलरचा एक, असे एक कोटी समभाग विकले. निम्मे दूरसंचार कंपन्यांना, निम्मे सर्वसामान्य जनतेला. त्या वेळी कंपनीच्या मालकीचा एकही उपग्रह नव्हता. लोकांनी वीस कोटी डॉलर गुंतविले ते केवळ भावी व्यवसायाच्या भरवशावर.

६ एप्रिल १९६५ रोजी 'अर्ली बर्ड' अवकाशात गेला. ह्यूजेस कंपनीने घडविलेला हा उपग्रह कक्षेत चाळीस किलोहूनही कमी वजनाचा होता. पण त्याची क्षमता २४० संभाषणांची होती. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण हवे असेल, तर दूरध्वनीसेवा थांबवावी लागे. २८ जूनपासून त्याची व्यापारी सेवा सुरू झाली. त्याचे अपेक्षित आयुष्य दीड वर्षाचे होते. प्रत्यक्षात त्याने साडेतीन वर्षांहून अधिक काळ सेवा दिली. निवृत्तीनंतरही, जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ मोहिमेच्या वेळी, त्याला पुन्हा कामावर बोलाविण्यात आले.

मुख्य म्हणजे, ग्राहकांनी तो अर्ध्या सेकंदाचा विराम स्वीकारला. त्यामुळे इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने पुढील उपग्रहही याच कक्षेत ठेवले.

त्याचे फळ आपल्या दारापर्यंत आले. १९७१ मध्ये पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे विक्रम भू-उपग्रह केंद्र सुरू झाले आणि हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहाशी भारत जोडला गेला. तोवर परदेशी संभाषण प्रामुख्याने लघुलहरी रेडिओवर, म्हणजे वातावरणाच्या लहरीवर, अवलंबून असे. निर्यातदाराला भाव विचारायचा असला, तरी शब्द खरखरीत हरवत.

उत्तर अर्धा सेकंद उशिरा आले तरी व्यवहार अडत नाही; ते स्पष्ट ऐकू यावे लागते. अर्ली बर्डने हे प्रत्यक्ष ग्राहकांच्या पसंतीने सिद्ध केले.